दोन स्क्रीनच्या फटीत मंगळू

ही गोष्ट खरी मानणारा माणूस जव्हार आणि मोखाडा या दोन्ही तालुक्यांत अजून जन्मलेला नाही. ऐकताना कुणी मान डोलावलीच, तर समजावं की जीप खड्ड्यातून गेली.

जीप गोरखची. जव्हारच्या स्टँडबाहेर उभी होती, आणि तेरावं माणूस चढल्याशिवाय गोरख चावी फिरवत नाही. मी मागच्या आडव्या बाकावर. एका बाजूला कोंबड्यांची पाटी, दुसऱ्या बाजूला पुष्पा, मोखाड्याची अंगणवाडीताई. आणि समोर, गुडघ्याला गुडघा लावून, पोशेऱ्याची सकू. तिच्या मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीनं बांधलेली फ्रेम.

तिला पाहिलं तेव्हाच मी उतरायला हवं होतं. ती सकाळच्या एसटीनं गेली असेल असं मला वाटलं होतं. पण तोवर दारात बियाण्याची गोणी आडवी पडली होती आणि गोणीवर तिचा मालक बसला होता. चहूबाजूंनी माणूस, वर पत्रा, आणि समोर ती फ्रेम.

फ्रेम आमच्याच फोटो स्टुडिओतली. पूर्वी स्टुडिओ मी चालवायचो, आता पुतणी चालवते, हर्षदा. ती काम करते, मी मध्ये बोलतो. सकूचा नवरा मंगळू गेल्या पावसाळ्यात गेला. या वैशाखात मुलीचं, सोमीचं, लग्न झालं. सकूनं एकच मागितलं : मांडवातल्या फोटोत मंगळू सोमीच्या शेजारी उभा पाहिजे. आपल्याकडे असं पुष्कळ जण करून घेतात, गेलेल्यालाही लग्नाला यावंच लागतं. पण मंगळूचा जगात फोटो एकच, रोजगार हमीच्या जॉबकार्डावरचा. नखाएवढा, आणि तोही छातीपर्यंत.

"माणूस माझाच दिसला पायजे," सकू म्हणाली होती. "दुसरं काय नको."

आणि तयार फोटोत एक चूक राहून गेली होती. हर्षदाच्या ध्यानात आली नव्हती. काच बसवून झाल्यावर मला दिसली, आणि मी गप्प बसलो. म्हटलं, भिंतीवर उंच टांगतील, कोण इतक्या खाली बघतंय.

"सकूबाय, सोड ना सुतळी," पुष्पा म्हणाली. "बघू तरी मंगळूदादा कसा दिसतोय."

"थांब!" मी इतक्या जोरानं बोललो की पाटीतली कोंबडी बावचळली. "आधी हा फोटो झाला कसा ते ऐक. ते न ऐकता बघितलास, तर अर्धाच दिसेल."

जितकी गोष्ट लांबेल तितकी सुतळी टिकेल. पोशेऱ्याचा फाटा आला की सकू उतरणार. तिथवर बोलत राहायचं, बस.

"हर्षदाकडे दोन स्क्रीन आहेत," मी सुरू केलं. "डावीकडे जॉबकार्डावरचा मंगळू, मोठा केलेला. उजवीकडे मांडव. हर्षदा माऊसनं मंगळूला धरून इकडून तिकडे नेत होती. नेमका मध्यावर आला, आणि कॉम्प्युटरच्या पोटातलं ग्राफिक्स कार्ड जळालं."

"म्हंजे काय?" गोरखनं आरशातून विचारलं.

"स्क्रीनवर चित्र पोचवणारा पोस्टमन समज. दोन स्क्रीन, दोन घरं. पोस्टमन वाटेतच मेला, आणि मंगळू दोन घरांच्या मध्ये. डावा कान या स्क्रीनवर, उजवा कान त्या स्क्रीनवर, आणि नाक मधल्या फटीत."

"कार्ड जळालं तर स्क्रीन काळे पडतात, काका," पुष्पा म्हणाली. "मला शिकवता?"

"तुझे पडत असतील. आमचे जुने आहेत, इमानी आहेत. तीन दिवस तो तिथंच अडकून. ना मागे जाता येई, ना पुढे. फटीतून आवाज यायचा, 'तुळशीदास, मान अवघडली.' मी बोटाच्या चिमटीत धरून त्याला विडीसुद्धा दिली."

"तो विडी वडत नव्हता," सकू म्हणाली. हळू, फ्रेमकडे बघत.

"म्हणून तर घेतली नाही," मी म्हणालो.

तेरावं माणूस आलं. ते माझ्या कोपरावर बसलं. जीप निघाली.

यापुढचा दुकानाचा भाग मात्र खरा आहे. कोंबड्यांची शपथ.

हर्षदाला लग्नांची कामं होती, म्हणून कार्ड आणायला मी नाशिकला गेलो. आपल्याकडे ट्रॅक्टरचा नट हवा असला की नाव विचारत बसत नाहीत, जुना नट नेऊन दाखवतात. तसं मी उजव्या स्क्रीनची वायर उपसली आणि खिशात घातली. दुकानात काचेमागे कार्डं मांडलेली. त्यात एक तीन पंख्यांचं, लाल-निळे दिवे, विटेसारखं जड. मी म्हटलं, हेच द्या. आमच्याकडे वैशाखात तीन पंखे बरे.

दुकानदार सज्जन. म्हणाला, "बाबा, गेम खेळता का?"

"फोटो करतो. एक माणूस अडकलाय."

"मग याला कशाला पोसता? फोटोला पंखे लागत नाहीत, मेमरी लागते. आठ जीबी पुष्कळ. हे तर तुमच्या डब्यात मावणारही नाही, आणि मावलं तर वीज पुरणार नाही. डब्यातला पॉवर सप्लाय केवढ्याचा?"

ते हर्षदानं चिठ्ठीवर लिहून दिलं होतं. चिठ्ठी बघून त्यानं दोन पंख्यांचं, आखूड कार्ड काढलं. शेवटी विचारलं, "दोन्ही स्क्रीन कुठल्या वायरवर?"

मी खिशातली वायर पुढे केली. त्यानं कार्डाच्या तोंडाला लावून पाहिली. बसली.

"दुसरीची पण अशीच?"

"जुळ्या बहिणी," मी म्हणालो.

बघितलं होतं का मी? नव्हतं. एक नट बसला की दुसराही बसतो, हे मी ट्रॅक्टरवरून शिकलेलो.

घरी आल्यावर हर्षदानं कार्ड बसवलं. उजवा स्क्रीन उजळला. डावा स्क्रीन माझ्या तरुणपणातला, त्याची वायर निळ्या टोकाची, दोन बाजूंना दोन स्क्रू, आत खिळ्यांच्या तीन रांगा. नव्या कार्डाला तसलं भोकच नाही. हर्षदा म्हणाली, "काका, मी तुम्हाला दोन वायरी न्यायला सांगितलं होतं." तिनं सांगितलं होतं.

"मग मंगळूदादाचं काय?" पुष्पानं विचारलं. बोलता बोलता तिचं बोट सुतळीच्या गाठीत शिरलं होतं.

"आणखी वाईट. उजवा कान उजेडात, डावा कान काळोखात. आता तर फटीतून नुसता श्वास ऐकू यायचा."

जीप घाटाच्या वळणावर कलली. तेराही माणसं एका बाजूला आली आणि परत गेली. सकूनं फ्रेम छातीशी धरली आणि वर पाहिलं.

"त्याला दुखलं का?"

मला खोटं बोलायला कधी वेळ लागत नाही. तेव्हा लागला.

"नाही वहिनी," मी म्हणालो. "दुखलं नाही."

"मग काढलात कसं?"

"मधु गुरुजींनी शाळेच्या प्रोजेक्टरचा कन्व्हर्टर दिला. या बाजूला नवी वायर, त्या बाजूला निळी. लावला. दोन्ही पंखे फिरले, दोन्ही स्क्रीन उजळले, आणि मंगळू सरसर निघाला! आधी डोकं, मग छाती, हात, कंबर, पाय. चालत मांडवात शिरला आणि सोमीच्या शेजारी जाऊन उभा राहिला."

"पण जॉबकार्डावर तर छातीपर्यंतच होता," गोरख म्हणाला. गाडी चालवताना हा इतकं नीट कशाला ऐकतो कोण जाणे.

"आठ जीबीची मेमरी, गोरख! उरलेला तिला आठवला."

सगळी जीप हसली. फाटा अजून दोन वळणांवर होता. मी आणखी सांगणार होतो, मंगळूनं मांडवात शिरताच तांदूळ कसे टाकले ते. तेवढ्यात पुष्पा म्हणाली, "सुटली!"

कागद बाजूला झाला. जीपभर माना लांब झाल्या. सकूनं काचेवरून तळहात फिरवला. मांडव, आंब्याच्या डहाळ्या, सोमी, जावई, व्याही, आणि सोमीच्या डाव्या अंगाला पांढऱ्या सदऱ्यात मंगळू. हर्षदाचा हात असा की ऊनसुद्धा त्याच्या कपाळावर मांडवातलंच पडलेलं.

सकूनं फ्रेम डोळ्यांजवळ नेली.

"तोंड त्याचंच हाये," ती म्हणाली. "डोळे पन त्याचेच."

मी श्वास सोडला. पुष्पानं पदर डोळ्याला लावला. गोरखनं आरसा नीट केला.

मग सकूची नजर खाली उतरली. सदरा, पायजमा, आणि त्याच्याही खाली. तिथं ती थांबली. मी पाय बाकाखाली ओढून घेतले. ओढले असते, पण खाली कोंबड्यांची पाटी सरकून आली होती. एवढ्यात रस्त्यात म्हैस आली, गोरखनं ब्रेक दाबला, आणि माझे दोन्ही पाय पुढे घसरून थेट सकूच्या पुढ्यात. टायरच्या तळाच्या चपला. डाव्या पायातला पट्टा तुटलेला, पिवळ्या वायरनं बांधलेला.

सकूनं एकदा काचेत पाहिलं, एकदा खाली.

"भाऊ," ती म्हणाली, साऱ्या जीपला ऐकू जाईल अशी, "सगळं खोटं. मांडवात जावई अनवाणी, सोमी अनवाणी, व्याही अनवाणी, आन् माझाच मानूस चपला घालून? त्यानं जल्मात पायात चपला घातल्या नाय. ही पिवळी वायर तुमची हाये. तो अडकला नव्हता फटीत, तुमालाच त्याच्या छातीखाली उभं केलंय. गोरख, गाडी वळव मागं. भाऊ, पाय तुमचे चालतील मला. चपला काढा आन् परत उभं राहा."