नाण्यावरची बाई

“लिंबाच्या रसात? ट्रेव्ह, तू टाकलंस हे लिंबाच्या रसात?”

कीथने नाणं चिमटीत धरून खिडकीपाशी नेलं, उलटसुलट करून पाहिलं. परवापर्यंत हिरवट, मातकट असलेलं ते रोमन नाणं आता तांब्याच्या नव्या पाइपासारखं गुलाबी दिसत होतं. दोन्ही बाजूंना खड्ड्यांशिवाय काही उरलं नव्हतं.

“अरे गाढवा, वीस वर्षं क्लबात नव्यांना तूच दम देतोस ना? हिरवा थर गेला की नाणं गेलं! मला झापलं होतंस त्यापायी, तेही माझ्या बायकोसमोर.”

“माहीत आहे.”

“मग?”

ट्रेव्हर लार्टरने किटलीचं बटण दाबलं. ती मघाशीच उकळून बंद झाली होती. मग का टाकलं, हे त्याला स्वतःलाही कळत नव्हतं.

त्याने चाळीस वर्षं बिटाचे ट्रक चालवले. रविवारी क्लबातल्यांबरोबर मेटल डिटेक्टर घेऊन इंग्लंडमधल्या नॉरफोकची नांगरलेली शेतं तुडवायची आणि सापडेल ते घरी आणायचं, एवढंच त्याचं काम. पुढचं सगळं त्याच्या बायकोचं, हेझलचं. ती नाणी महिनोन्महिने तेलात ठेवायची आणि मग भिंगाखाली धरून गुलाबाच्या काट्याने गंज टोकरायची. सुईने ओरखडे उठतात, काट्याने उठत नाहीत. दिवसाला तांदळाच्या दाण्याएवढं साफ झालं तरी ती खूश असायची.

हे नाणं तिने जानेवारीत हातात घेतलं होतं. मार्चमध्ये हॉस्पिटलात ती त्याला म्हणाली, “राजा नाहीये रे तो. बाई आहे. अंबाडा दिसायला लागलाय.” चौथ्या दिवशी ती गेली.

नंतर आठवडाभर तो स्वतः काटा घेऊन बसला. तीन काटे मोडले. कधी अंबाडा दिसे, कधी नुसती माती. एक दिवस तो पाव आणायला गेला आणि लिंबं घेऊन आला. लिंबं पिळल्याचं त्याला आठवत होतं. त्या वेळी डोक्यात काय होतं, ते मात्र आठवत नव्हतं.

“तिला खरंच बाई दिसली होती का, एवढंच बघायचं होतं मला,” तो म्हणाला.

कीथने नाणं टेबलावर ठेवलं. मग म्हणाला, “म्युझियमची मुलगी गुरुवारी लायब्ररीत बसते, लोकांना सापडलेल्या वस्तूंची नोंद करायला. तिच्याकडे चांगलं भिंग आहे. जाऊ आपण. तोवर घरातलं आणखी काही लिंबात घालू नकोस म्हणजे झालं.”

गुरुवारी म्युझियमच्या मिस पेटिटने नाणं दिव्याखाली धरलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

“कोणी साफ केलं हे?”

कीथ खाली बघू लागला.

“बायको नीट करत होती,” ट्रेव्हर म्हणाला. “नासवलं मी. तिच्यावर ठपका यायला नको.”

मिस पेटिटने पुन्हा भिंग लावलं. या वेळी बराच वेळ. “हा उंचवटा अंबाडा असू शकेल, मिस्टर लार्टर. नुसता गंजाचा खड्डाही असेल. मला ‘चित्र ओळखू येत नाही’ एवढंच लिहिता येईल.”

ट्रेव्हरने कोटातून एक छोटा लिफाफा काढला. त्यावर हेझलने शेताचं नाव लिहिलं होतं आणि खाली पेन्सिलीने ‘बाई?’

“हॉस्पिटलात अगदी ठामपणे म्हणाली होती,” तो म्हणाला. “इथे मात्र प्रश्नचिन्ह. यातलं खरं कुठलं धरायचं, मला समजत नाही.”

मिस पेटिट लिफाफ्याकडे बघत राहिली. “शेऱ्याचा रकाना असतो,” ती म्हणाली. “साफ करणाऱ्याचं मत त्यात घालता येतं. नाव सांगा.”

“हेझल लार्टर.”

तिने टाइप केलं आणि पडदा त्याच्याकडे वळवला. ‘हेझल लार्टर यांच्या मते स्त्रीचा चेहरा.’

ट्रेव्हरने चष्मा लावून ते दोनदा वाचलं.

“प्रश्नचिन्ह घालायचं राहिलं.”

“ते नाही घातलं तरी चालेल. वाईट दिसत नाही.”

“नको. तिने घातलंय ते. घाला तुम्ही.”

मिस पेटिटने प्रश्नचिन्हाची कळ दाबली. मागे दोन माणसं आपापल्या डब्या घेऊन खोळंबली होती. ट्रेव्हर टोपी हातात धरून पडद्यासमोर उभाच राहिला, आणि कीथनेही त्याला घाई केली नाही.