चि. मोनाली

बाबासो घोरपडे न्हावा शेव्याच्या एका कंटेनर यार्डात सुपरवायझर होते. यार्डात त्यांचा शब्द चालायचा. घरी मात्र त्या शनिवारी सुट्टी असूनही सकाळपासून त्यांचं कुणी ऐकत नव्हतं. आतल्या खोलीत त्यांची लेक मोनाली लॅपटॉपसमोर बसली होती, आणि तो लॅपटॉप तर कुणाच्या बापाचं ऐकायला तयार नव्हता.

मोनाली एकुलती एक. इंजिनियर होऊन वर्ष झालं तरी नोकरीचा पत्ता नव्हता. "मग, काय करते मुलगी?" या प्रश्नाला खांदेश्वरच्या त्यांच्या सोसायटीत उत्तरं देऊन बाबासोंची जीभ झिजली होती. आता कुठं तुर्भ्याच्या एका कंपनीनं तिला शेवटच्या फेरीपर्यंत नेलं होतं. काम वरवर पाहता साधं. अँड्रॉइड आणि आयफोन, दोन्हींवर चालणाऱ्या एका ॲपचा कोड कंपनीनं पाठवला होता. ॲप तयारच होतं. त्याला लागणारी सगळी साधनं आपल्या लॅपटॉपवर बसवायची, ते एकदा चालवायचं आणि चालतानाचा व्हिडिओ संध्याकाळी सहाच्या आत पाठवायचा. नाही जमलं तर पुढचा उमेदवार.

"म्हंजे सैपाक न्हाईच करायचा, नुसती चूल मांडायची," बाबासोंनी बायकोला, वेणूबाईंना समजावलं. "दुपारपातूर हुतंय."

"चूल मांडायलाच येळ लागतो," वेणूबाई म्हणाल्या. "सैपाक काय, कुणीबी करतंय."

वेणूबाईंचं खरं ठरलं. एक साधन बसवावं तर ते म्हणे, आधी दुसरं आणा. दुसऱ्याला तिसऱ्याची जुनी आवृत्ती हवी, आणि तिसरं म्हणे, जुनी आता मिळत नाही. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. तरी पोरीनं चिकाटी सोडली नाही. दुपारी सगळं जागच्या जागी बसलं, तिनं शेवटचं बटण दाबलं, आणि पडदा लाल ओळींनी भरून गेला. परत दाबलं. परत लाल.

बाबासो काही ना काही निमित्त काढून आत डोकावत होते. एकदा पंखा वाढवायला, एकदा तोच पंखा कमी करायला.

"बंद करून चालू कर की."

"केलं, बाबा."

"वायर ढिली असंल."

"बाबा, प्लीज."

यार्डात क्रेन अडकली तर काय करायचं ते त्यांना तोंडपाठ होतं. इथं काय अडकलंय तेच दिसत नव्हतं. त्यांनी चष्मा सरसावून लाल ओळी वाचायचा प्रयत्न केला. मधेच एका ठिकाणी प्रश्नचिन्हांची रांग लागली होती.

"एवढे प्रश्न कुणाला पडलेत गं?"

इतक्या वैतागातही मोनाली हसली. तेवढ्यावर बाबासो खूश झाले आणि तिच्यासाठी डाळिंब सोलायला गेले.

डाळिंबाची ताटली घेऊन ते परत आले, तेव्हा मोनाली फोनवर होती. फोन स्पीकरवर होता. पलीकडे तिची कॉलेजमधली मैत्रीण संघमित्रा. तिला नोकरी लागून सहा महिने झाले होते.

"अगं, ते क्वेश्चन मार्क म्हणजे तुझं नाव आहे," संघमित्रा सांगत होती. "तुझा यूजर मराठीत आहे ना? मग त्या नावाचाच फोल्डर झालाय, आणि सगळं त्याच्या आत बसलंय. ह्या टूल्सना मराठी वाचताच येत नाही. कुणी टाकलं मराठीत?"

मोनालीनं फोन जवळ ओढला. मग आवाज खाली आणून म्हणाली, "बाबांनी. प्रेमानं टाकलंय गं. हळू बोल, बाहेरच आहेत ते."

बाबासो ताटलीसकट पॅसेजमधेच थांबले.

पाडव्याला पनवेलच्या दुकानात लॅपटॉप घेतला, तेव्हा त्यानं पहिल्यांदा चालू होताना नाव विचारलं होतं. दुकानदार टाइप करणार, तोच बाबासोंनी त्याला थांबवलं, मराठी अक्षरं लावून घेतली आणि एका बोटानं, घाम येईपर्यंत, लिहिलं: चि. मोनाली. "काका, इंग्लिशमध्ये बरं पडतं," असं दुकानदार म्हणाला होता. त्यावर बाबासो म्हणाले होते, "इंग्लिशमदी बारसं केलं न्हवतं तिचं." हा किस्सा त्यांनी सोसायटीत कुणाकुणाला ऐकवला नव्हता? वॉचमनसुद्धा सुटला नव्हता.

आत मोनालीनं नाव बदललं. इंग्रजीत, नुसतं मोनाली. बटण दाबलं. परत लाल.

"वरचं नाव बदलतं गं, आतल्या फोल्डरचं नाही बदलत," संघमित्राचा आवाज आला. "नवीन यूजर बनव आणि सगळं पहिल्यापासून उतरव. दुसरा शॉर्टकट शोधत बसलीस तर अजून अडकशील. किती वाजलेत?"

पाच वाजून गेले होते. सकाळपासून जे उतरवलं ते आता तासाभरात कसं उतरणार, हे बाबासोंनाही कळत होतं.

त्यांनी ताटली ओट्यावर ठेवली, खुंटीवरचा शर्ट अंगात घातला आणि स्कूटरची चावी घेतली. तुर्भ्याला जायचं, साहेबाला गाठायचं, हात जोडायचे. पण सांगणार काय? पोरगी हुशार आहे हो, मीच तिचं नाव मराठीत लिहिलं? ते दारात उभे राहिले. मग शर्ट काढून परत खुंटीला लावला. आयुष्यात इतकं निरुपयोगी त्यांना कधी वाटलं नव्हतं.

सहा वाजले. नव्या यूजरवर सामान अजून अर्धंही उतरलं नव्हतं. मोनालीनं कंपनीला मेल करून थोडा वेळ मागितला. उत्तर लगेच आलं: धन्यवाद, आम्ही पुढच्या उमेदवाराला बोलावत आहोत.

ती बाहेर आली तेव्हा तोंड धुऊन आली होती, पण डोळे लपत नव्हते.

"काय झालं गं?" बाबासोंनी विचारलं. विचारायलाच हवं होतं.

"नेट, बाबा. आज नेटच स्लो होतं. त्यामुळे राहिलं." ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली.

'सगळं ऐकलंय मी पोरी, माझ्यामुळं गेली तुझी नोकरी,' हे अगदी बाबासोंच्या ओठांवर आलं. पण ते बोललो, तर आपल्याला लागू नये म्हणून आज दिवसभरात तिनं एवढी एकच गोष्ट निभावली, तीही मोडेल, असं त्यांना वाटलं.

"मला सकाळपास्नं डाउट हुताच," ते म्हणाले आणि त्यांनी नेटवाल्याला, रावसाहेबाला फोन लावला. "काय रे रावसाहेब! पोरीचं केवढं नुकसान झालं आज तुज्या नेटपायी!"

"काका, एक मिनिट, बघतो," पलीकडून रावसाहेब म्हणाला. थोड्या वेळानं त्याचा आवाज आला, "काका, तुमची लाइन तर सकाळपासून एकदम क्लीन आहे. जरापण स्लो नाही."

मोनाली समोरच उभी होती. बाबासोंनी फोन कानाशी घट्ट दाबला.

"चूक तुमची, आन् भोगायचं पोरीनं?" ते ओरडले. आवाज मधेच चिरकला. "निदान माफी तरी मागावी माणसानं!"

रावसाहेब गडबडला. "सॉरी काका," तो म्हणाला. आणि फोन ठेवला.

"सॉरी म्हणतोय," बाबासो मोनालीला म्हणाले. फोन अजून कानालाच होता. "लई मनापास्नं म्हणतोय गं."