भिंतीकडे तोंड

अड्याळच्या मंडळ कार्यालयात धनीरामनं माझंच पुस्तक माझ्यासमोर उघडून धरलं.

वाद वारस-नोंदीचा होता. तेजराम वारला. त्याच्या पहिल्या बायकोचा मुलगा धनीराम म्हणत होता की गोदावरीबाई घरात कामाला राहिलेली बाई, वडिलांनी तिच्याशी पाट लावलाच नव्हता. विधवेचं हे दुसरं लग्न तेव्हा चारचौघांत होत नसे. नवरा-नवरी आणि चार विधवा, एवढंच. त्या चौघी कधीच गेल्या, साक्षीला उरले मी.

बेचाळीस वर्षांपूर्वी मी गोदावरीच्या घरी राहून हे गाव अभ्यासलं होतं. मानववंशशास्त्रातली जिल्ह्यातली पहिली बाई म्हणून माझे सत्कार झाले, ते त्या पुस्तकामुळे. त्यातलं गाजलेलं प्रकरण म्हणजे मी डोळ्यांनी पाहिलेला गोदावरीचा पाट.

"साहेब, मॅडमचं तवा लगन झालं होतं," धनीराम म्हणाला. "सवासिनीले पाट पाहू देत नाही, हे लहान पोराले बी मालूम आहे. मॅडम म्हणते पाह्यला. मंजे तो पाट नव्हताच."

एकाही परीक्षकाच्या ध्यानात न आलेली गोष्ट या माणसानं बरोबर पकडली होती. मला त्याचा संताप आला, आणि स्वतःची त्याहून जास्त लाज वाटली.

मंडळ अधिकाऱ्यांनी मला सरळ विचारलं, तुम्ही स्वतः पाहिलंत का? हो म्हटलं तर पुस्तक तरणार होतं आणि गोदावरीचं घर जाणार होतं. ती समोरच्या बाकावर गप्प बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"नाही," मी म्हणाले. "मी त्याच खोलीत होते, पण सवाष्ण म्हणून त्या बायांनी मला भिंतीकडे तोंड करून बसवलं. मी नुसतं ऐकलं. बाकीचं गोदावरीनं नंतर सांगितलं, आणि मी ते पाहिलं म्हणून छापलं. पाट नसता तर मला भिंतीकडे कशाला बसवलं असतं?"

धनीरामनं पुस्तक मिटलं. साहेबांनी जबाब लिहून घेतला, मी खाली सही केली.

बाहेर आल्यावर मी गोदावरीवरच चिडले. ते पान तिच्या नातीनं, राखीनं, तिला कधीच वाचून दाखवलं होतं. मग आत तोंड का उघडलं नाही? घर जात होतं तिचं.

"तुमचं एवढं मोठं नाव झालं, ताई," ती म्हणाली. "ते म्या कायले खोटं पाडू?"