दिवा नसलेली खिडकी

गल्लीत बुटांचा आवाज आला तशी हेस्टरने फुंकर मारून दिवा विझवला आणि माळ्याच्या खिडकीपासून मागे सरली. कोळी बोटींकडे निघाले होते. स्कार्नेस या कोळीगावात समुद्रावर निघालेल्या माणसाला वाटेत बाई आडवी आली, की तो जाळी खांद्यावर तशीच घेऊन घरी परततो. हेस्टर इथे नवी होती तेव्हा एका पहाटे ती रंगांची पेटी घेऊन कोपऱ्यावर उगवली आणि अख्ख्या गावाचा दिवस बुडाला. तेव्हापासून बोटी जाईपर्यंत ती बाहेर पडत नसे. चेहरासुद्धा दिसू नये म्हणून दिवाही मालवत असे. या गोष्टीला तीस वर्षं झाली.

तरुणपणी लंडनच्या कलाशाळेत, माणूस समोर बसवून चित्र काढायच्या वर्गात मुलींना घेत नसत. म्हणून ती डोंगर-समुद्राकडे वळली. त्यांनी तिच्या तोंडावर कधी दार लावलं नाही. सही फक्त ‘एच. मॉल्डन’ अशी करायची, त्यामुळे वर्तमानपत्रांत ती कितीतरी वर्षं ‘श्रीयुत मॉल्डन’ होती. पुढे तिची रिकामी बंदरं गाजली. एका समीक्षकाने त्या रितेपणावर दोन रकाने तत्त्वज्ञान लिहिलं तेव्हा हेस्टर पोट धरून हसली. रितेपणा कसला डोंबलाचा, बोटी गेल्याशिवाय तिला दार उघडायची सोय नव्हती! पण हसून झाल्यावर वाईटही वाटलं. ज्या बंदराला तिने जीव लावला, तिथे ती रोज उशिराच पोहोचत होती.

आता हात थरथरू लागले होते. पुढच्या आठवड्यात भाचा ऑब्री येऊन तिला लीड्सला नेणार होता, कायमचं. त्याआधी बोटी निघतानाचं एकच चित्र तिला हवं होतं. तिने ते शेजारच्या बेलाला सांगितलं. बेला धुरीच्या खोलीत हेरिंग मासे टांगत होती आणि तिचा नवरा डँड दारात पाइप ओढत बसला होता.

“बाई आडवी येऊन चालत नाही,” डँड म्हणाला.

“आडवी कशाला येईल? तुमच्या आधीच बोटीत जाऊन बसेल.”

“बोटीत बाई! म्हणजे तर कल्याणच.”

“बाई म्हणून नको, सामान म्हणून ने. वरून ताडपत्री टाक. सामान कधी कुणाला आडवं आलंय का?”

डँडने पाइप झटकला. “शिंकलात तर पाण्यात टाकीन, मॉल्डनबाई.”

दुसऱ्या पहाटे ताडपत्रीखाली, डांबराच्या वासात, हेस्टरने तेच बूट ऐकले. आज ते दूर जात नव्हते, जवळ येत होते. बोट हलली, पाण्याची लय बदलली, आणि मग डँडचा आवाज आला.

“या आता बाहेर, सामान.”

तिने किनाऱ्याकडे पाहिलं. गाव जमिनीवर नव्हतंच, निळ्या अंधारात तरंगत होतं. प्रत्येक खिडकीत दिवा आणि दिव्यामागे एक बाई. कुणी हात हलवत नव्हतं, हाक मारत नव्हतं. नुसत्या उभ्या होत्या, आणि बोटीबरोबर सगळी रांग हळूहळू डोलत होती. हेस्टरच्या हातातला रेखाटनाचा कोळसा तसाच राहिला. त्या रांगेत एकच खिडकी काळी होती. तिची.

“डँड, सगळ्याजणी दिवे लावतात?”

“लावणारच. नाहीतर घर कसं दिसायचं आम्हाला?”

“मी विझवते. रोज. तुम्हाला अपशकुन नको म्हणून.” तिने कोळसा खाली ठेवला. “मला कुणी सांगितलं का नाही?”

दोन्ही बाजूंना खडकांवर पाणी फुटत होतं. सुकाणूवर हात ठेवून डँड मागे गावाकडे बघत होता.

“डोकं जरा बाजूला घ्या, बाई. खिडकी दिसू द्या.”

“कुठली?”

“काळी. ती चर्चच्या मनोऱ्याखाली आली की खडकांतली वाट सापडते. दिवे सगळे सारखेच, तेवढी एकच ओळखू येते. माझा थोरला तिच्या खुणेवरच बोट बाहेर काढायला शिकला.”

हेस्टरने डोकं बाजूला घेतलं. बोट खडकांतून बाहेर पडेपर्यंत ती हललीसुद्धा नाही.

बोटी निघतानाचं चित्र झालं, पण त्यात बोट नव्हतीच. नुसते दिवे होते आणि मधे एक काळी फट. तो समीक्षक पुन्हा दोन रकाने भरणार, या विचाराने ते गुंडाळताना तिला हसू आलं.

ऑब्रीने खोकी गाडीत चढवली, खालून चार हाका मारल्या आणि शेवटी तोच माळ्यावर आला. हेस्टर स्टुलावर उभी राहून, शिल्लक काळा रंग पिळून काढून, खिडकीची काच आतून रंगवत होती.

“आत्या, हे काय चाललंय? उद्या नवे भाडेकरू यायचेत!”

“येऊ देत. दिवे लावू देत पाहिजे तितके. कुणी काच खरवडायला लागलं तर बेला बघून घेईल.”

ऑब्रीने मान तिरकी करून काचेकडे पाहिलं. “यात काहीच दिसत नाही.”

“इथून नाही दिसायचं.”

एका कोपऱ्यातून अजून उजेड येत होता. तिने डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि तो कोपराही भरला.