हॉलमधल्या झाडाचं दूध

काष्टीच्या बाजाराला आलेली माणसं बैलांचे दात बघायचे सोडून साळूबाईंच्या हॉलमध्ये घुसली होती. चपलांचा ढीग पार रस्त्यापर्यंत गेला होता. आत सोफ्याशेजारी पितळी कुंडीत एक फायकसचं झाड उभं होतं आणि ते म्हणे दुधाचे अश्रू ढाळत होतं!

साळूबाईंच्या सुनेनं, मोनिकानं, लग्नानंतर ते नर्सरीतून हौसेनं आणलेलं. वर्षभर टवटवीत होतं. मग पानं पिवळी पडून गळायला लागली आणि त्याच सुमाराला मोनिकाला श्रीगोंद्याच्या एका दवाखान्यात नर्सची नोकरी लागली. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली. साळूबाईंचा सुनेवर जीव होता, पण मुलाच्या संसाराला काही बाधा तर झाली नाही ना, या धास्तीनं त्यांनी पर्णानंद महाराजांना बोलावलं. तेव्हापासून महाराजांच्या सांगण्यावरून झाडाला रोज तांब्याभर दूध आणि कळशीभर पाणी चालू होतं. झाड मात्र जास्तच झडत चाललं होतं.

"वृक्षराज, बोला! कुणाच्या पावलानं आपल्याला रडू कोसळलं?" महाराजांनी विचारलं आणि झाडाला सवड न देता स्वतःच मान डोलावली. मग डोळे मिटून खोडावरून अंगठा फिरवला. पांढरेशुभ्र थेंब ओघळले.

"आलं! दूध आलं!" गर्दीत एकच गलका झाला.

"घरची लक्ष्मी उंबरठा ओलांडून परक्याच्या चाकरीला निघाली! सोमवारी ती कामावर रुजू झाली, तर पानांपाठोपाठ या घराचा वंश सुकेल. नोकरी सोडा. मोठी शांत घाला."

मोनिकाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिचा नवरा आदिनाथ नेहमीप्रमाणे म्हणाला, "आई म्हनंल तसं." म्हणजे सगळा भार पुन्हा साळूबाईंवर. महाराजांनी त्यांच्या तळहातावर तीर्थ म्हणून एक थेंब ठेवला.

"पिऊ नका ते!" शेजारच्या हन्नाबाई गर्दीतून पुढे आल्या. त्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. "आधी बोटांनी चोळून बघा."

साळूबाईंनी चोळलं. बोटाला बोट चिकटलं.

"लई चिकाट हाय वो. वडाच्या चिकावानी..." बोलता बोलता त्या थबकल्या. भेगाळलेल्या टाचांना जन्मभर त्यांनी वडाचाच चीक लावला होता. बांधावरचा वड त्यांना डोळे झाकूनही ओळखता आला असता. पण तोच गोतावळा पितळी कुंडीत बसून हॉलमध्ये आला, तर चीक दूध झाला!

"वडाचंच भावंड आहे हे," हन्नाबाई म्हणाल्या. पदराची पिन काढून त्यांनी एक फांदी ओरखडली. थेंब टपकला. "घ्या, मीही महाराज झाले."

"तो माझ्याच मंत्राचा प्रभाव!" महाराज गरजले.

"मग बांधावरच्या वडाला कवा मंत्र घातला तुमी?" साळूबाईंनी विचारलं.

लोक फिस्सकन हसले. हन्नाबाईंनी महाराजांना अंगठा पुढे करायला सांगितलं. अंगठ्यात एक कडं होतं, त्याची धार पात्यासारखी; त्यानंच खोड ओरखडलं होतं. महाराजांना तेवढ्यात दुसऱ्या गावचं आमंत्रण आठवलं आणि ते निघाले.

"पन बाई, पानं गळत्यात ती कशानं? त्ये तर खोटं न्हाई," साळूबाई म्हणाल्या.

हन्नाबाईंना हा प्रश्न फार आवडला. त्यांनी कुंडी आडवी करायला लावली. आदिनाथनं आणि मोनिकानं झाड ओढून काढलं, तसा आंबलेल्या दुधाचा भपकारा आला. पितळी कुंडीला बुडाला भोकच नव्हतं. मुळं चुंबळीसारखी एकमेकांत गुंडाळलेली आणि खाली काळी पडून सडलेली.

"आधी जागा संपली, मग पाण्यात मुळं गुदमरली. दुधानं आणखी नासली," हन्नाबाई म्हणाल्या. सडकं छाटलं. भोक असलेल्या मोठ्या मातीच्या कुंडीत माती, वाळू, शेणखत घालून झाड लावलं आणि खिडकीशी ठेवलं. "माती सुकली तरच पाणी घाला. मुळं हलली आहेत, तेव्हा अजून थोडी पानं गळतील. घाबरू नका."

सोमवारी सकाळी कुंडीभोवती पानांचा सडा पडला होता. दारातून गल्लीतल्या बनुबाई डोकावल्या. "बगा! सून निगाली न् झाड झडलं!"

नको जाऊस म्हणावं, असं साळूबाईंच्या अगदी ओठांवर आलं. त्यांनी एकदा झाडाकडे बघितलं, एकदा दाराशी खिळून उभ्या राहिलेल्या मोनिकाकडे. मग सुनेची पर्स उचलून तिच्या हातात दिली.

"मुळं हाललीत म्हनून गळत्यात, बनुबाई. माज्या सुनंमुळं न्हाई. जा गं पोरी, यष्टी चुकंल."

नवी पालवी यथावकाश फुटली. पण साळूबाई ती फुटायची वाट बघत थांबल्या नाहीत, हे जास्त मोलाचं. चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी एकदा हात लावून बघा, मंडळी. आणि झाडाचं दुखणं झाडात शोधा, घरच्या लेकीसुनांच्या पावलात नको.