तिसरी रांग, सात आणि आठ

रविवारी चारच्या नाटकाला जायचं असलं की शनिवारपासून आमच्या घरी वांगं येत नाही. बेसन नाही, हरभऱ्याची डाळ नाही, मुळ्याचं तर नावही काढायचं नाही. शेजारच्या सत्यवतीबाईंना वाटतं, मी कुठलंतरी व्रत करते. कसलं डोंबलाचं व्रत! नाटकात सगळे गप्प असताना पोट गुरगुरलं की मागच्या दोन रांगांना ऐकू जातं, म्हणून.

मी चारुशीला. नागपूरच्या टेलिफोन ऑफिसात ट्रंक बोर्डावर बसते, बाहेरगावचे फोन जोडते. आठ तास कानाला हेडफोन. गोंदियाचा तांदळाचा व्यापारी ओरडून राहिला आहे, जबलपूरकडून नुसती खरखर, आणि मधेच कुणीतरी मलाच विचारतं, "कोण बोलते?" महिन्यातून एकदा तरी एखाद्या माणसानं नीट, निवडून-पाखडून म्हटलेलं वाक्य कानावर पडावं, एवढीच माझी अपेक्षा असते. ते नाटकात मिळतं. आणि ते मिळायचं तर तयारी करावी लागते. लोक पूजेला बसताना हातपाय धुतात आणि नाटकाला मात्र भजी खाऊन येतात, हे मला अजिबात खपत नाही.

खळ दिलेली साडी नेसायची नाही, ती कडकड वाजते. चार धुण्यांनी मऊ पडलेली सुती साडी बरी. चपला जुन्या. पर्समधली चिल्लर रुमालात गाठ मारून ठेवायची. दुपारी दोननंतर पाणी बंद. लवंग तोंडात, दुसरी पदराच्या टोकाला. सकाळपासून कुणाशी भांडायचं नाही. भांडण फारच गरजेचं असेल तर सोमवारवर टाकायचं, कारण डोक्यात भांडण घेऊन बसलेल्या बाईला पहिला अंक ऐकूच येत नाही. आणि जागा एकच, तिसरी रांग, सात आणि आठ. पहिल्या दोन रांगांत पुढारी बसतात आणि ते उशिरा येतात. नऊ नंबरच्या डोक्यावरचा पंखा किरकिरतो. ज्या दिवशी खिडकीवर तिकिटांचा प्लॅन उघडतो, त्या दिवशी मी सकाळी सातला सीताबर्डीच्या रांगेत उभी असते.

पण ही एवढी सगळी तयारी मी आधी करत नव्हते. बहात्तर सालापासून करायला लागले, आणि त्याचं कारण सांगायची मला अजून लाज वाटते.

गिरिधर माटे म्हणजे मुंबईचे मोठे नट. मी त्यांची आठ नाटकं पाहिली, तीन पत्रं लिहिली, उत्तर एकाचंही नाही. बहात्तर साली ते आले तेव्हा माझ्या नणंदेचं लग्न होऊन चारच दिवस झाले होते आणि माझ्या हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा होता. दुसऱ्या अंकात माटे असं काही बोलले की मला रडूच आलं. मी पदर डोळ्यांना लावला आणि सगळा चुडा खळखळला. माटे थांबले. रंगमंचाच्या कडेपर्यंत चालत आले, माझ्याकडे पाहून हात जोडले आणि म्हणाले, "बाई, तुमचं आवरलं की सांगा, मग मी पुढे बोलतो."

सगळं थिएटर हसलं. त्यात माझ्या ऑफिसातल्या सहा जणी होत्या. दुसऱ्या दिवशी बोर्डावर बसते न बसते तोच पलीकडून प्रेमिला म्हणाली, "चारू, तुमचं आवरलं की सांगा, मग मी अमरावती जोडते." हे दोन वर्षं चाललं.

चार वर्षं माटे नागपूरला फिरकले नाहीत. यंदा फेब्रुवारीत पेपरात जाहिरात आली. नवं नाटक, रविवारी दुपारी चार आणि सोमवारी संध्याकाळी. मी रविवारची दोन तिकिटं काढली आणि मनाशी ठरवलं, या खेपेला माटे नागपुरातून जातील तेव्हा तिसऱ्या रांगेबद्दल त्यांच्या मनात वाईट म्हणून काही राहता कामा नये. जमलं तर आत जाऊन माफीही मागायची. तेवढं झालं की माझा जीव सुटला.

तर शुक्रवारी यांचे गाल फुगले.

गालगुंड. चाळीस वर्षांच्या माणसाला. माझा नवरा अनंत म्हणजे चार वर्षं मेहनत करून तयार केलेला प्रेक्षक. तो नाटकात झोपतो, पण घोरत नाही, आणि टाळ्यांच्या वेळी आपोआप जागा होतो. असा माणूस ऐनवेळी कुठून आणायचा? शनिवारी गावाकडून, कुहीच्या बसनं माझी सासू रुखमाबाई आली, तिला मी आत्याबाई म्हणते. पोरगा पत्र लिहील तर शपथ, त्यामुळे तिला आजार दुसऱ्याच कुणाकडून कळला होता. तिनं पोराच्या गालाला लेप लावला, आणि तो बंद जबड्यातून मला म्हणाला, "मायले घेऊन जाय ना नाटकाले."

"हाव, मी येतो," आत्याबाई लगेच म्हणाल्या. "मले भल्ली हौस हाये नाटकाची."

मी यांच्याकडे पाहून डोळे वटारले. कारण ती हौस मी कुहीकडे पाहिलेली आहे. धान निघालं की गावोगावी नाटकं होतात. बाया पोतं अंथरून बसतात, मुरमुरे खातात, आणि नटांशी बोलतात. खलनायक आला की त्याच्या सात पिढ्या काढतात. नायक रडला तर "नको रडू गा बाबू" म्हणतात. नटही वळून उत्तर देतो. तिथं ते चालतं.

रविवारी दुपारी पाहते तर आत्याबाई स्टीलच्या डब्यात फुटाणे भरून राहिल्या होत्या. मी डबा काढून घेतला.

"तं मंग खाचं काय?"

"आत्याबाई, नाटक पाहायचं."

"तेच तं विचारून राहिली. नाटक पाह्यताना खाचं काय?"

मी उत्तर दिलं नाही, कारण रविवार होता. मी हातातल्या बांगड्या उतरवायला घेतल्या, तशी त्यांनी माझा हातच धरला. "अवं, असं काहून करून राहिली? अनंता जिता हाये ना आतमधी!" आतून यांनी कण्हून दुजोरा दिला. शेवटी तोडगा निघाला. दोघींच्या बांगड्या वर सारल्या आणि त्यांच्यावर यांचे चार रुमाल घट्ट बांधले. सायकलरिक्षावाल्यानं विचारलं, "दवाखान्यात न्यायचं का, बाई?"

वाटेत मी त्यांच्याकडून वचन घेतलं. काहीही झालं, कुणी मेलं, कुणी कुणाला घरातून काढलं, तरी बोलायचं नाही. आत्याबाई म्हणाल्या, "नाई बोलत, वं. मी का लहान आहो?"

मी अर्धा तास आधी पोचले आणि कामाला लागले. लहान मूल असलेल्या एका बाईला गोड बोलून दाराजवळ बसवलं. चौथ्या रांगेतल्या वकिलांना सुपारी तिथल्या तिथे संपवायला लावली. एका खोकणाऱ्या म्हाताऱ्याला लवंग दिली, त्याच्या भावालाही दिली. "आल्या हवालदारीणबाई," मागून कुणीतरी म्हणालं. म्हणू दे. तिसरी घंटा झाली तेव्हा टाचणी पडली असती तर तिचाही मी बंदोबस्त केला असता.

पहिला अंक निर्विघ्न पार पडला. आत्याबाई तोंडावर पदर दाबून बसल्या होत्या. मला त्यांचं इतकं कौतुक वाटलं की मध्यंतरात मी त्यांना स्वतःहून फुटाण्यांची पुडी घेऊन दिली आणि संपेपर्यंत बाहेर उभी राहिले.

दुसऱ्या अंकात माटे म्हातारे बाप झाले होते. परदेशी गेलेल्या पोराचं पत्र येतं. बायको चहा ठेवायला आत जाते, माटे एकटेच खुर्चीत बसतात, पाकीट फोडतात आणि मोठ्यानं वाचू लागतात. "तीर्थरूप बाबांस, साष्टांग नमस्कार. तुमची तब्येत..."

आणि थांबले.

काय थांबले, काय सांगू! हातात कागद तसाच. नजर त्या कागदावर खिळलेली. एक शब्द नाही. कपाळावर खरा घाम. मी म्हटलं, हे अभिनय करणं नव्हे, हे दुसरंच काहीतरी आहे. बोलण्यातलं दुःख सगळेच दाखवतात, न बोलण्यातलं दाखवायला माटे लागतात. माझ्या डोळ्यांना धार लागली, पण मी हात उचलला नाही. पाणी गालावरून ओघळून मानेत गेलं तरी नाही. थिएटरात कुणी म्हणून कुणी हललं नाही, आणि त्यात माझा हात होता म्हणून मला अभिमानही वाटला. मिनिट झालं असेल. दीडही झालं असेल.

तेव्हा माझ्या शेजारी आत्याबाई उभ्या राहिल्या.

मी त्यांचा पदर ओढला. ओढल्याचं त्यांना कळलंही नाही. कुहीच्या शेतातून पलीकडच्या बांधापर्यंत जातो तो आवाज काढून त्या म्हणाल्या, "अरे बापा, काय लिवलं हाये पोट्ट्यानं? येऊन राहिला का नाई, ते तं सांग!"

मला वाटलं, जमीन फाटावी. जमीन फाटली नाही. माटे दचकले, त्यांनी मान वर केली, आमच्याकडे पाहिलं, आणि अगदी हळू म्हणाले, "नाही येत, माय." मग पुन्हा कागदाकडे पाहून पुढचं सगळं पत्र त्यांनी धडाधड वाचलं. अर्धं थिएटर रडत होतं आणि उरलेलं टाळ्या वाजवत होतं. मी डोळे मिटून बसले. नाटकाचा शेवट काय झाला ते मला माहीत नाही.

पडदा पडल्याबरोबर मी आत्याबाईंना दाराकडे ओढलं. पण मॅनेजर तिथंच उभा होता. "तिसऱ्या रांगेतल्या आजी ना? साहेबांनी आत बोलावलंय."

"चाल, बलावून राहिले तं जाऊ," आत्याबाई म्हणाल्या. मी त्यांच्या मागे मागे चालले. नुसत्या बांगड्या वाजल्या तर हात जोडले होते, याला काय करतील?

माटे बनियनवर बसून खोबरेल तेलानं रंग पुसत होते. आम्हाला पाहून उठले आणि सरळ आत्याबाईंच्या पायांशी वाकले. "आजी, तुम्ही आज वाचवलंत मला."

"काहून? काय झालं होतं?"

"वाक्यच गेलं होतं डोक्यातून, आणि हातातला कागद कोरा. बायकोचं काम करणारी आत, प्रॉम्प्टरनं काल तुमच्या नागपूरचा तिखट रस्सा खाल्लेला, तो भलतीकडेच. मी मेलो होतो तिथं."

"असं व्हय," आत्याबाई म्हणाल्या. "मले वाटलं, चष्मा नाई म्हून वाचता येऊन नाई राहिलं. मले वाचता येत नाई ना, बापा. दुसऱ्याकडून चिठ्ठी वाचून घेतो अन् तो वाचता वाचता मधातच थांबला, का माया जीव घाबरते. माया पोट्टा तं चिठ्ठी लिवतच नाई."

माटेंनी हातातला तेलाचा बोळा खाली ठेवला.

मला मात्र राहवेना. "म्हणजे तुम्ही विसरला होतात? मी तिथं रडत होते."

"आभारी आहे," माटे म्हणाले आणि हसले.

आता लाज गेलीच होती, तेव्हा मी सगळंच सांगून टाकलं. बहात्तर साल, हिरवा चुडा, तुमचं आवरलं की सांगा. म्हटलं, मला माफी मागायची आहे, चार वर्षं झाली.

माटे आठवू लागले. त्यांना काही आठवेना. "कोणतं नाटक?"

मी सांगितलं.

"दुसरा अंक? जिना उतरून आल्यावर?"

"हो."

ते मोठ्यानं हसले. "अहो बाई, तुमच्या बांगड्या वाजल्या की नाही, देवाला ठाऊक. त्या जागी मी कायम अडकायचो. वाक्य गेलं की कुणावर तरी घसरायचं. लोक हसतात, तेवढ्यात आठवतं. सांगलीत एका खोकणाऱ्यावर घसरलो, नाशकात डबा वाजवणाऱ्यावर. तुम्ही कशाला मनावर घेतलंत?"

"मग आज का नाही घसरलात?"

"कुणावर घसरू? मी वाट पाहत होतो ना, एखादा खोकेल, एखादं पोर रडेल. आज कुणी हूं की चूं केलं नाही. तीस वर्षांत असं थिएटर पाहिलं नाही मी. अहो, घाम फुटला."

मला आधी नीट कळलंच नाही. कळलं तेव्हा कानशिलं तापली. चार वर्षं नाटकाच्या आदल्या दिवशी मी वांगं खाल्लं नव्हतं. लोकांच्या तोंडातली सुपारी काढली होती, नवऱ्याच्या नाकातला आवाज बंद केला होता. रागानं रडू येतं तसं आलं, आणि मग एकदम इतकं हलकं वाटलं की उभ्या जागी हसूही फुटलं. आत्याबाई माझ्याकडे पाहत राहिल्या.

माटेंनी दोन पास काढून माझ्या हातात ठेवले. "उद्या संध्याकाळी या दोघी. आणि उद्या जरा मोकळ्या बसा, थोडा आवाज झाला तरी चालेल."

मी पास आत्याबाईंकडे दिले. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं की नाही, ठाऊक नाही, पण मी म्हटलं.

"उद्या माझी ड्यूटी आहे. आत्याबाई येतील, सोबत सत्यवतीबाईंना पाठवते. आणि माटेसाहेब, उद्या पाठांतर करून या. तयारी काय फक्त आम्हीच करायची?"