मळीच्या टाकीवरची रंगीत तालीम

श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्यात गळीत हंगामाआधीची डागडुजी जोरात चालली होती, आणि सेफ्टी ऑफिसर मोझेस साळवे यांच्या जिवाला घोर लागला होता. उंचावर काम करणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी वरिष्ठांशी भांडून सुरक्षेचा पट्टा मिळवून दिला होता. पण पट्टा बांधलेला माणूस घसरला तर अधांतरी लोंबकळतो, आणि फार वेळ लोंबकळला तर पायांतलं रक्त अडून जिवावर बेततं. त्याला झटपट खाली कसं घ्यायचं, हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

म्हणून साळव्यांनी रंगीत तालीम ठेवली. भुशानं भरलेलं पोतं मळीच्या टाकीवरून टांगलं आणि शिट्टी फुंकली. कोणी जागचं हललं नाही.

"साहेब, पोतं कुठं मरतंय व्हय?" फिटर आदिनाथ म्हणाला, आणि मंडळी चहाला गेली.

साळवे पेटले. दुसऱ्या दिवशी स्वतःच पट्टा आवळून टाकीवर चढले, कठड्याबाहेर गेले, 'प्रभू, सांभाळ' म्हणाले आणि हात सोडले. पट्ट्यानं त्यांचा भारदस्त देह झेलला आणि ते हवेत गरागरा फिरू लागले.

"अपघात झालाय!" त्यांनी आरोळी ठोकली. "आता काय कराल?"

खाली एकच पळापळ. टाइम ऑफिसच्या सुचित्राबाई भिंतीवरच्या सूचनाफलकाकडे धावल्या, पहिली ओळ वाचली आणि मोबाईल काढला. वर साळव्यांच्या खिशात उपासनेचं गाणं वाजू लागलं. कसाबसा हात घालून त्यांनी फोन उचलला.

"साळवे साहेब, टाकीपाशी एक माणूस लटकलाय. लगेच या."

"अहो बाई, तो मीच आहे!"

"ते दिसतंय मला. पण सगळ्यात आधी तुम्हालाच कळवायचं, असं तुम्हीच लिहून ठेवलंय."

गिरकी घेता घेता साळव्यांनी डोळे मिटले. पुढं काय करायचं, ते फलकावर कुठंच नव्हतं.

तेवढ्यात स्टोअरकीपर अवधूत जोशी दोर आणि कप्पी पोटाशी धरून आला. "साहेब, हे न्यायला तुमची सही लागते!"

"वर येऊन घे!"

"मला उंचीची भीती वाटते!"

खाली हशा पिकला. वर मात्र साळव्यांच्या मांड्या बधिर होत चालल्या होत्या. पायांना मुंग्या आल्या, मग त्याही कळेनाशा झाल्या. साहेबी बोली गळून पडली.

"आदिनाथ, पाय गेले रं माझे!"

हसू जागच्या जागी थांबलं. सुचित्राबाईंनी अवधूतच्या हातातून दोर हिसकावला, आदिनाथ तो घेऊन सरसर वर चढला. कप्पी कशी लावायची ते साळवे फिरता फिरताच सांगत होते. निम्मं आदिनाथला ऐकू यायचं, निम्मं टाकीला. दोनदा चुकली, तिसऱ्यांदा बसली. साळवे हेलकावे खात खाली आले. जमिनीवर पाय टेकले, पण उभे राहीनात. रंगारी सहादेवनं त्यांना लेकरासारखं कवेत घेतलं.

डॉक्टरांनी तपासून निर्वाळा दिला. घरी बायकोनं, जास्मिननं, दिला नाही. "सगळी पोती संपली होती का?" एवढंच म्हणून ती पाठ फिरवून झोपली.

सकाळी आदिनाथ दारात हजर. "साहेब, आज मी लटकतो. तुमी खाली ऱ्हायचं, आन् तोंडातून चकार शब्द काढायचा न्हाई."

फलक पुसून नवा लिहिला. दोर टाकीच्या पायथ्याशीच ठेवला. आदिनाथ लोंबकळला, आणि ओठावर रुमाल दाबून साळवे बघत राहिले. अवधूतसुद्धा दोर ओढायला धावला! बघता बघता आदिनाथ खाली.

"लई रग लागती ओ," तो मांड्या चोळत म्हणाला. "आता कोन?"

एवढ्यात काय गलका चाललाय ते बघायला चीफ इंजिनियर शामकांत देव तिथं आले. सगळ्यांनी आधी त्यांच्या पोटाकडं पाहिलं, मग दोराकडं.

"या साहेब," साळवे गोड आवाजात म्हणाले, "पट्टा बांधून देतो."